चाक लागलं

आवाज अगदी बारीक होता. दातांच्या फटीतून हवा आत ओढावी तसा, 'स्स्'. एवढ्या गोंगाटात तो मला ऐकू आला याचं नंतर नवल वाटलं. ऑरलँडोच्या डिस्ने पार्कमधली, मॅजिक किंगडममधली रात्रीची आतषबाजी नुकतीच संपली होती. किल्ल्यासमोर तास-दीड तास जागा धरून बसलेली माणसं एकाच वेळी उठून मेन स्ट्रीटवरून दाराकडे निघाली होती, आणि त्या लोंढ्यात मी चिऊची बाबागाडी ढकलत होते. चिऊ मान एका बाजूला टाकून गाढ झोपली होती. नवरा पिशव्या घेऊन थोडा पुढे, आई माझ्या उजव्या हाताला. माझ्यासमोर एक वयस्क बाई चालत होत्या, सावकाश, आजूबाजूच्या दिव्यांच्या माळा बघत. आणि माझ्या गाडीचं पुढचं चाक त्यांच्या टाचेला लागलं.

त्या वळल्या. आधी माझ्याकडे बघितलं, मग जरा वाकून गाडीत. त्यांच्या शेजारचे गृहस्थ काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात बाईंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या ओठांवर. पोरगी झोपलीय, असं. एवढं होईपर्यंत मागचा रेटा आला, आमच्यामध्ये दोन-तीन माणसं शिरली आणि मी पुढे निघून गेले. 'सॉरी' म्हणाले का? ओठ हलले असतील. आवाज फुटला की नाही, ते मला खरंच आठवत नाही.

गर्दीत चाक लागतं, कुणाचंही लागतं, असं म्हणून मी ते विसरू शकले असते. पण चाक लागायच्या आधीच्या अर्ध्या मिनिटात माझ्या मनात काय चाललं होतं ते मला पक्कं माहीत आहे. मी त्या बाईंवर चिडले होते. दिवसभर उन्हात फिरून पाय सुजले होते, आमची मोटार पार्किंगमध्ये लांब होती, आणि ही बाई मध्येच दिवे बघत थांबते, चालते, पुन्हा थांबते. मी गाडी त्यांच्या जवळ जवळ नेत गेले. रिक्षावाला पुढच्या सायकलच्या मागच्या चाकापाशी नेऊन रिक्षा उभी करतो ना, तसं. त्यांना जाणवावं, त्यांनी बाजूला व्हावं, म्हणून.

धक्का मी दिला नव्हता. पण अंतर मी कमी केलं होतं.

चिऊला तीन वर्षं पूर्ण व्हायच्या आत जायचं हे आमचं कधीच ठरलं होतं. तीन वर्षांखालच्या मुलांना तिथे तिकीट लागत नाही, त्यामुळे अडीच वर्षांची पोरं घेऊन आलेली आमच्यासारखी किती तरी जोडपी तिथे दिसतात. आई सहा महिन्यांसाठी अटलांटाला आमच्याकडे आली होती. तिथून ऑरलँडो सात-साडेसात तासांवर. निघायच्या आदल्या रात्री मी बैठकीच्या खोलीत बाबागाडी उघडून शिवणाच्या टेपनं मोजत बसले होते. रुंदी 31 इंचांच्या आत हवी, लांबी 52 इंचांच्या आत. 1 मे 2019पासून डिस्नेच्या अमेरिकेतल्या पार्कांमध्ये हे माप लागू झालं, आणि दोन-तीन मुलं बसवून ओढत न्यायच्या त्या लांबलचक वॅगन गाड्याही त्याच दिवसापासून बंद झाल्या. आमची गाडी साधी, एका मुलाची. मापात बसणार हे दिसतच होतं, तरी मी दोनदा मोजलं. आई सोफ्यावर बसून शेंगा सोलत होती. म्हणाली, "जत्रेला जायचं तर गाडीचं माप घेतात होय? बरंय बाई." तिच्या आवाजात खोच नव्हती, खरोखरची उत्सुकता होती. मला मात्र ते माप घेताना फार बरं वाटलं होतं. नियम वाचले, पाळले, आता आपण कुणाच्या वाटेत येणार नाही.

पार्किंगपासूनच बाबागाडीची परीक्षा सुरू होते. तिथल्या ट्राममध्ये चढायचं तर गाडी मिटावी लागते. म्हणजे एका हाताच्या कवेत पोर, खांद्याला डायपरची पिशवी, आणि दुसऱ्या हातानं ते खटके शोधत गाडीचं मुटकुळं करायचं. मागे माणसं थांबलेली. माझ्या हातून गाडी अर्धवट मिटून पुन्हा उघडली तेव्हा मागच्या बाईंनी न विचारता तिचं एक टोक धरलं. ट्राममधून उतरल्यावर पुढे तलाव लागतो आणि तो फेरीबोटीनं ओलांडायचा. तिथे गाडी मिटायची गरज नाही, उघडी तशीच आत न्यायची. बोट सुटली, पाण्यावरून गार वारा आला, दूर किल्ल्याचे निळे मनोरे दिसायला लागले आणि आई एकदम म्हणाली, "गोराई आठवतंय का?"

मला आठवत होतं. एस्सेलवर्ल्ड 1989मध्ये सुरू झालं, आणि आमच्या डोंबिवलीच्या चाळीतली मुलं एकामागून एक तिथे जाऊन येत होती. आमचा नंबर चार-पाच वर्षांनी लागला. दादरला गाडी बदलायची, बोरिवलीला उतरायचं, मग बस, मग खाडीतून लाँच. मी आठ वर्षांची, भाऊ दोनचा. त्या लाँचमध्ये डिझेलचा आणि खारट चिखलाचा मिसळलेला वास होता, तो अजून माझ्या नाकात आहे. आई चढत होती तेव्हा लाँच हेलकावली. फळीवर बसलेल्या एका कोळिणीनं हात पुढे करून भावाला सरळ आईच्या कडेवरून काढून आपल्या मांडीत घेतलं. ना ओळख, ना विचारणं. किनारा येईपर्यंत तो तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या मोजत बसला होता. लोकलच्या लेडीज डब्यातही तेच. दारातून आत शिरणाऱ्या बाईच्या कडेवर मूल दिसलं की आतून कुणीतरी म्हणायचं, "द्या इकडे बाळाला." आणि मूल डोक्यांवरून, हातांवरून, खिडकीच्या सीटपर्यंत पोचायचं. आईला जागा नसायची, बाळाला असायची. मी स्वतः अशी किती तरी अनोळखी बाळं मांडीवर घेऊन डोंबिवली ते घाटकोपर प्रवास केलाय. त्यांची डोकी माझ्या ओढणीवर घामेजायची.

पण त्या आठवणीत फार रमणं मला जमत नाही, कारण आईचा डावा खांदा मी रोज बघते. तो उजव्यापेक्षा खाली आहे. मला आणि भावाला मिळून सहा-सात वर्षं तिनं डाव्या कडेवर घेतलं. त्याच खांद्याला भाजीची पिशवी, त्याच हातात रॉकेलचा डबा. एस्सेलवर्ल्डचा तो अख्खा दिवस भाऊ तिच्या अंगावरच होता. ती एकाही पाळण्यात बसली नाही. त्याला कुणाकडे द्यायचं हा प्रश्न होताच, पण मला वाटतं तिला तोपर्यंत उभं राहणंच कठीण झालं असावं. संध्याकाळी घरी आल्यावर ती जमिनीवर सपाट पडून राहिली होती आणि बाबांनी भात लावला होता. म्हणून बाबागाडीला कुणी नावं ठेवली की मला राग येतो. 'आमच्या वेळी नव्हते असले लाड' हे वाक्य ज्यांचा खांदा शाबूत आहे तेच म्हणतात, आईनं कधी म्हटलेलं नाही.

या गाडीचा प्रवास मी मागे एकदा वाचला होता. मुलांसाठीच्या पहिल्या गाड्यांपैकी एक विल्यम केंट यांनी 1733मध्ये इंग्लंडमधल्या ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या मुलांसाठी बनवली होती. शंखाच्या आकाराची, बकरीनं किंवा छोट्या तट्टानं ओढायची. म्हणजे सुरुवातीला ते मोठ्या घरच्या मुलांचं वाहन होतं, आईच्या हातांचा त्याच्याशी संबंध नव्हता. हातांना खरा आराम मिळाला तो फार उशिरा. ओवेन मॅक्लारेन हे विमानांचे अभियंता. स्पिटफायर विमानाची उड्डाणानंतर पंखांत दुमडून जाणारी चाकं, त्यांच्या रचनेवर त्यांनी काम केलं होतं. निवृत्तीनंतर 1965मध्ये त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी बाबागाडी बनवली. वजन पावणेतीन किलोंच्या आसपास. चिऊच्या गाडीचा खटका दाबला आणि चाकं आत वळली की मला ते विमान आठवतं. कुठल्या तरी युद्धासाठी केलेला विचार फिरून एका आईच्या मनगटापर्यंत आला, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

तरीही ही गाडी हातात आली की माझ्यात काहीतरी बदलतं, हे मला त्या रात्री कळलं.

कडेवर मूल असतं तेव्हा गर्दीचा धक्का आधी आपल्याला लागतो. आपण खांदा पुढे करतो, कोपर बाहेर काढतो, मूल आत घेतो. बाबागाडीत सगळं उलटं होतं. मूल सगळ्यांत पुढे, आपण मागे. म्हणजे गर्दीत वाट काढताना आपण आपल्या पोराचे पाय पुढे करून वाट काढत असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिऊच्या गाडीशेजारी उकिडवी बसले आणि तिच्या उंचीवरून बघितलं. गुडघे. उघड्या पोटऱ्या, सनस्क्रीननं चिकट झालेल्या. चेहऱ्याच्या पातळीवर येऊन आदळतील अशा लोंबत्या पिशव्या, कॅमेऱ्यांचे पट्टे, एका माणसाच्या हातातली धारदार काडीची आइस्क्रीम. डांबरातून वर येणारी उन्हाची झळ तिथे जास्त लागते. किल्ला दिसतच नाही. आम्ही तिला "तो बघ किल्ला" म्हणून बोट दाखवत होतो आणि तिला दिसत होती एका गृहस्थांच्या हाफपँटीची मागची बाजू. ती आदल्या दिवशी दुपारपर्यंत किरकिर का करत होती याचं उत्तर मला तिथे, गुडघ्यांवर बसल्यावर मिळालं. मग गर्दी दाटली की मी तिला उचलून घ्यायला लागले आणि गाडीत पिशव्या ठेवायला लागले.

त्या दिवशी मी बाबागाड्यांकडेच बघत फिरले. किती तरी आया-बाप नकळत चुकतात, आणि चूक प्रत्येक वेळी तीच असते. आपल्या मागे कुणी आहे हे विसरणं. चालता चालता फोन वाजतो किंवा पुढच्या राइडची रांग किती आहे ते बघायचं असतं, आणि माणूस जिथे आहे तिथेच थांबतो. एकटा माणूस थांबला तर मागचा वळसा घालतो, गाडी थांबली की मागची गाडी थांबते, तिच्या मागची थांबते. थांबायचं असेल तर आधी कडेला यावं, भिंतीशी, झाडाशी, आणि मग खुशाल पाच मिनिटं उभं राहावं. मेन स्ट्रीटवर घोड्याच्या ट्रामचे रूळ आहेत. ते तिरपे ओलांडायला गेलं की पुढचं छोटं चाक बरोबर रुळाच्या खाचेत जातं, गाडी जागच्या जागी अडते आणि मूल पुढे हिसका खातं. तिथे रोजची येणारी माणसं रूळ आले की गाडी सरळ काटकोनात वळवतात, पुढची चाकं जरा उचलतात आणि पार होतात. माझं चाक पहिल्या दिवशी दोनदा अडकलं. दुसऱ्या वेळी मागच्या बाईंच्या गाडीतला मुलगा घाबरून रडायला लागला.

मिरवणुकीच्या वेळी तर फार वाईट वाटलं. काही कुटुंबं तासभर आधी येऊन कडेला दोन-तीन बाबागाड्या आडव्या लावून ठेवतात. पोरं त्यात नसतातच, ती वडिलांच्या खांद्यावर. गाड्या नुसत्या जागा धरायला. त्या कुंपणामागे एक चार-पाच वर्षांचा मुलगा टाचा उंच करून बघायचा प्रयत्न करत होता, आणि त्याच्या आजोबांना त्याला उचलणं झेपत नव्हतं. माझ्या शेजारच्या एका तरुण वडिलांनी काही न बोलता आपली गाडी मिटली, मागे भिंतीला टेकवून ठेवली आणि त्या मुलाला हातानं पुढे घेतलं. मुलगा त्यांच्या मुलीशेजारी फरसबंदीवर मांडी घालून बसला. एक गाडी मिटली की दोन मुलांची जागा होते, हे मी तेव्हा डोळ्यांनी बघितलं. त्यानंतर आमचीही गाडी मिटूनच ठेवली.

राइडच्या रांगेत गाडी नेता येत नाही, त्यामुळे ठिकठिकाणी बाबागाड्यांचे तळ असतात. फँटसीलँडमध्ये, होडीत बसून देशोदेशीच्या बाहुल्या बघायची ती राइड आहे ना (तिचा पहिला अवतार 1964च्या न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यासाठी बनवला होता), तिच्या आसपास मी एका वेळी दीड-दोनशे तरी गाड्या बघितल्या असतील. काळ्या, करड्या, पुन्हा काळ्या. तिथले कर्मचारी त्या सतत सरळ रांगांत लावत असतात, म्हणजे आपण ठेवलेली गाडी परत येईपर्यंत दुसऱ्याच ओळीत गेलेली असते. आम्ही बाहेर आलो आणि गाडी जागेवर नाही. चिऊचं दूध आत, माझं जॅकेट आत. छातीत धस्स झालं. मी आधी ज्या माणसावर संशय घेतला तो बिचारा स्वतःची गाडी शोधत होता. आई मात्र शांतपणे ओळींमधून चालत गेली आणि तिनं लांबून हात वर केला. सकाळीच तिनं दांड्याला आपल्या जुन्या नारायणपेठी साडीच्या काठाची एक पट्टी बांधून ठेवली होती. म्हणाली, "आपली ओळख आपणच ठेवावी, दुसऱ्यानं का शोधावी." त्या तळावर एक गोष्ट मी शिकले. चाकांना ब्रेक लावून ठेवला की कर्मचाऱ्यांना गाडी फरफटत न्यावी लागते, आणि आपल्याला जागा हवी म्हणून दुसऱ्याची गाडी ढकलून देणं म्हणजे कुणाच्या तरी छातीत ते धस्स पाठवणं.

आणखी एक गोष्ट मला सांगायलाच हवी. दुपारी एका गाडीत सात-आठ वर्षांचा मुलगा बसलेला दिसला. पाय पायपट्टीच्या बाहेर लोंबत होते, डोक्यावर मोठे हेडफोन, गाडीचं छत पुढे ओढलेलं. माझ्या मनात आलंच, एवढा घोडा झालाय आणि गाडीत? माझ्या शेजारच्या दोघींच्या डोळ्यांतही तेच होतं. मग गाडी वळली आणि दांड्याला लावलेलं लाल लेबल दिसलं. ज्यांच्यासाठी बाबागाडी हीच चाकांची खुर्ची असते, त्यांना पार्कमध्ये असं लेबल मिळतं आणि ती गाडी रांगेतही नेता येते. मुलाची आई सरळ समोर बघत चालली होती. अशा नजरा तिनं किती झेलल्या असतील. तिच्या मानेची ती ताठ रेषा मला दिवसभर दिसत राहिली. लेबल नसतं तरी मी कोण होते ठरवणार?

त्या दिवशी थांबण्याचेही बरेच क्षण आले. सात बुटक्यांच्या खाणीतल्या आगगाडीत बसायला 38 इंच उंची लागते, चिऊ तेवढी नव्हती. एकानं मुलाजवळ थांबायचं, दुसऱ्यानं जाऊन यायचं, मग पुन्हा सगळी रांग न लावता पहिल्यानं जायचं, अशी सोय तिथे आहे. नवरा गेला आणि मी बाकावर बसले, एका पायानं गाडी पुढे-मागे करत. वॉल्ट डिस्ने यांनी स्वतः सांगितलंय की या सगळ्याची कल्पना त्यांना एका बाकावर बसून सुचली. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये मुली मेरी-गो-राउंडवर बसायच्या आणि ते बाकावर एकटे बसून शेंगदाणे खात वाट बघायचे. आईबाप आणि मुलं दोघांनाही मजा येईल अशी एक जागा असावी, असं त्यांना तिथे वाटलं. पुढे 17 जुलै 1955ला त्यांचं पहिलं पार्क, डिस्नेलँड, उघडलं, तेव्हा डांबर नुकतंच घातलेलं होतं आणि उन्हानं मऊ झालेल्या त्या रस्त्यात बायकांच्या सँडलच्या टाचा रुतल्या, असं सांगतात. मला हसू आलं नाही. टाच हा शब्द आला की मला त्या बाई आठवत होत्या.

संध्याकाळी, आतषबाजीच्या आधी, मी आईला ते सांगितलं. तिला वाटलं होतं मी नुसती दमलेय. ती काही क्षण गप्प बसली. मग म्हणाली, "पाय लागला तर आपण नमस्कार करतो." एवढंच.

लहानपणापासूनचं आहे ते. कुणाला पाय लागला की हात त्या माणसाकडे जातो आणि तोच हात आपल्या छातीशी येतो. विचार करावा लागत नाही. लोकलमध्ये, पंगतीत, शाळेच्या बाकाखाली. पुस्तकाला पाय लागला तरी, झाडूला लागला तरी. आई सासवडची. दिवेघाट चढून माउलींची पालखी तिच्या घरापाशी मुक्कामाला यायची. ती सांगते, वारीत टाचेला पाय लागतच राहतो, दिंडी चालतेच इतकी खेटून. पण लागला की मागचा वाकतो, 'माउली' म्हणतो, पुढचाही वळून वाकतो. एक शब्द आणि एक हात, चालणं न थांबवता. माझा पाय त्या बाईंना लागला असता तर माझा हात आपोआप पुढे गेला असता. ऑरलँडोत असो, कुठेही असो. पण लागलं ते चाक. माझे दोन्ही हात दांड्याला धरलेले. चाक लागलं तर काय करायचं हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि शरीराला स्वतःहून सुचलं नाही. रबराच्या त्या वर्तुळाला काही जाणवलं नाही, म्हणून मला जाणवायला एक रात्र लागली.

त्या रात्री परतताना आई गाडीच्या पुढे चालायला लागली. मी नको म्हणत होते, तिला गर्दीचा त्रास होईल म्हणून. तिनं ऐकलं नाही. एक हात मागे, गाडीच्या छतावर ठेवलेला, दुसरा पुढे, तळवा उघडा. कुणाच्या पाठीपाशी आली की त्या हातानं अगदी हलकं, स्पर्श होईल न होईल असं करून ती मराठीतच म्हणायची, "बाळ आहे हं मागे, जरा वाट द्या." माणसं वळायची, नऊवारीतली नाही, साध्या सुती साडीतली एक बाई आणि मागे गाडीत झोपलेलं पोर बघायची, आणि बाजूला व्हायची. काही हसायची. एका मुलानं आपल्या लहान बहिणीला आपल्याकडे ओढून घेतलं. मी सगळा वेळ आईच्या टाचांकडे बघत होते. तिनं बूट घालायला नकार दिला होता, तिच्या त्याच जुन्या चपला. टाचांना भेगा, खोल, कडा काळपट झालेल्या. त्या चपलेतून प्रत्येक पावलाला उचलल्या जायच्या, पुन्हा टेकायच्या. मी चाक आणि त्या टाचा यांच्यामध्ये एक वीत अंतर ठेवलं. ती थांबली की थांबले. रूळ आले तेव्हा तिनं मागे न बघता हाताच्या तळव्यानं खूण केली, आणि मी गाडी सरळ करून चाकं उचलली. गर्दीत मी त्या बाईंना शोधत होते. सापडणार नव्हत्याच. एक दिवस उलटला होता, त्या कदाचित आपल्या गावी परतल्याही असतील, ती टाच घेऊन.

हॉटेलवर आल्यावर चिऊला पलंगावर ठेवलं. आईच्या बॅगेत कोकमाच्या तेलाचा गोळा असतो, काकू गावाहून दर वर्षी पाठवते, केळीच्या सोपटात गुंडाळून. खोलीतल्या दिव्यावर तो जरा धरला, मऊ झाला तसा बोटांना घेतला, आणि आईचा पाय मांडीवर ओढला. तिला संकोच वाटला. मुलीनं पायाला हात लावायचा म्हणून तिनं पाय मागे घेतला, मी पुन्हा ओढला. भेगांमध्ये तेल जिरायला वेळ लागतो, अंगठ्यानं दाबत राहावं लागतं. खोलीत एसीचा आवाज आणि तो आंबूस, मेणचट वास. चिऊ झोपेत काहीतरी पुटपुटली.

"रक्त आलं होतं का गं त्यांना?" आईनं विचारलं.

"माहीत नाही."

"बघितलं नाहीस?"

"नाही."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं तो पाय खाली ठेवला आणि दुसरा माझ्या मांडीवर दिला.